बादलीतलं अंडं

"ओढलेलं जगत नाही. आणि जगलंच, तर वाकडं जगतं."

आईचा हा आवाज मला सगळ्यात आधी आठवतो. त्याच्या अलीकडचं आठवतं, पलीकडचं काही नाही. मी उपड्या क्रेटवर बसलेली, पाय जमिनीला न टेकणारे. समोर अंडी उबवायच्या मशीनचं काचेचं दार, दारामागे पिवळा उजेड, उजेडात बदकाची अंडी. एकाला भेग पडली होती आणि भेगेतून चोचीचं टोक आत-बाहेर होत होतं. मला वाटलं, ते मलाच बोलावतंय. मी चांगला हात पुढे केला, आणि मागून तो आवाज आला. रागाचा नव्हता. गार होता, रात्रभर बाहेर राहिलेल्या भांड्यासारखा. मग माझ्या दुसऱ्या हाताकडे बघून, जणू खोलीत नसलेल्या कुणाला ऐकवावं तशी ती म्हणाली, "बघतेस ना?"

बघतच होते. डावा हात खांद्यापासून लोंबता, कोपरात आत वळलेला, बोटं अर्धी मिटलेली. नुकत्या निघालेल्या पिल्लाचा ओला पंख अंगाला चिकटलेला असतो तसा. म्हणून वडील मला पंखी म्हणायचे. त्यांच्या तोंडून ऐकलं की उडावंसं वाटे, इतरांच्या तोंडून ऐकलं की लपावंसं.

हा हात आत्यानं मोडला, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक होतं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, प्रसूतिगृहात सुईण. आईला अचानक कळा सुरू झाल्या तेव्हा वडील पिल्लं पोचवायला बाहेरगावी गेलेले, दवाखाना लांब. मशीनच्या मागच्या खोलीत आत्यानंच आईची सुटका केली. "डोकं आलं होतं नीट," आई सांगायची. "खांदा अडला. जरा थांबली असती तर आपोआप आला असता. पण हिला कुठला धीर! गाजर उपटावं तसं उपटलं माझ्या पोरीला."

ही गोष्ट आई सगळ्यांना सांगे. शिंप्याला, कारण माझ्या झग्याची डावी बाही वेगळी बेतावी लागे. खाद्यवाल्याला, कारण तो विचारी. मला बघायला आलेल्या माणसांना, त्यांनी विचारायच्या आधीच. ती माणसं चहा प्यायली, हात बघितला, 'कळवतो' म्हणून उठली. त्यांचं कळवणं अजून वाटेत आहे. आणि गोष्ट कुणालाही सांगितली तरी शेवट तोच: "नणंद नव्हे, वैरीण."

आत्याच्या कानावर हे जात नसेल असं नाही. पण ती कधी चकार शब्द बोलली नाही. आमच्याकडे येणं तिनं आधी कमी केलं, मग बंद केलं. वडील तिला बाजारात भेटत आणि त्या दिवशी घरी उगाच जास्त बोलत. ते आजारी पडले तेव्हा त्यांनी घर माझ्या नावावर केलं. म्हणाले, "एका हातानं पोर काय काय धरेल? निदान डोक्यावरचं छप्पर तरी तिच्या मुठीत असू दे." ते गेले त्या दिवशी आत्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि उभ्या उभ्याच परतली.

लहानपणी मी तिला 'अगं आत्या' म्हणायचे. मोठेपणी 'अहो आत्या' म्हणायला लागले. मान वाढला होता असं नाही, अंतर वाढलं होतं.

*

ती आली तो पिल्लं निघायचा दिवस होता.

बदकाची अंडी महिनाभर नाकी नऊ आणतात. रोज फिरवा, रोज वारा द्या, कोमट पाण्याचा फवारा मारा, अंधाऱ्या कोपऱ्यात दिव्यासमोर धरून आतला जीव हलतोय का बघा. एवढं सगळं केल्यावर शेवटी काहीच करायचं नसतं, आणि तेच सगळ्यात अवघड. दार लावून लांब बसायचं. कारण पिल्लं चोच मारायला लागली की आत ओल हवी, आणि दार उघडलं की ओल जाते. कवचाखालचा पापुद्रा सुकतो, कागदासारखा कडक होतो आणि पिल्लाला तिथल्या तिथं आवळून टाकतो. एकाची कीव करायला दार उघडावं, तर शेजारची दहा गुदमरतात. म्हणून आमच्या धंद्यात कीव दाराबाहेर ठेवायची.

निघायची ती निघतात. सुकली की खोक्यांत, खोकी टेम्पोत. जी उरतात ती बादलीत. बादली आईची. पांढरी, झाकणाची. ती आई परसातल्या खड्ड्यापाशी घेऊन जाते, परत येऊन धुते आणि उपडी घालते. उरलेल्यांपैकी एखादं आतून बोलत असतं. झाकण लावल्यावर ऐकू येत नाही, असं आई म्हणते. मला येतं. मी तेव्हा नळ सोडते.

"पंखीताई, वऱ्हाड तयार आहे का?" टेम्पोवाल्यानं बाहेरूनच हाळी दिली.

"वऱ्हाड तयार आहे. गाडी धुतलीस का ते सांग. मागच्या वेळी सिमेंट होतं तुझ्या गाडीत. पिल्लं पांढरीफटक होऊन पोचली."

"मग बरंच की! गोऱ्या पिल्लांना भाव जास्त."

"तोंड कमी चालव आणि गाडी नीट चालव," आई आतून म्हणाली.

"मावशी, तोंडाला पेट्रोल लागत नाही, म्हणून चालवतो," म्हणत त्यानं खोकी रचली. किलबिलाट फळ्यांमागे गेला, टेम्पो वळला, धूळ खाली बसली. तेव्हा दिसलं, रस्त्यापलीकडे आत्या उभी होती. हातात कापडी पिशवी, काखेत छत्री. तिचे केस इतके पिकले आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

"वहिनी," दाराशी येऊन ती म्हणाली, "आत येऊ?"

आई रिकामे ट्रे उचलत होती. "एवढ्या वर्षांत विचारलं नाहीत. आज विचारताय, म्हणजे काहीतरी हवंय."

"हवंय खरं," आत्या हसली आणि दाराजवळच्या बाकावर टेकली, बाकाच्या अगदी कडेला. उठायला सांगितलं तर उठायला सोपं जावं अशी.

तिनं फिरवून फिरवून सांगितलं नाही. ती राहते ती इमारत पाडणार होते. भाडेकरूंना निघायला सांगितलं होतं. डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली होती. आज संध्याकाळपर्यंत पोचलं तर खाट तिची, नाहीतर दुसऱ्या कुणाची. बस दुपारची होती.

"तिथं वाईट नाही म्हणतात," ती म्हणाली. "पण तिथं ओळखीचं कुणी नाही. म्हणून म्हटलं, जायच्या आधी एकदा विचारून बघावं. तुमची ती मागची खोली आहे, ट्रे ठेवायची. एक खाट मावली तरी पुरे. स्वयंपाक माझा मी करीन. हात अजून चालतात, पिल्लांचं काही ना काही बघेन."

'वहिनी' म्हणून बोलत होती, पण बघत माझ्याकडे होती. घर कुणाचं आहे हे तिला ठाऊक होतं.

"त्याच खोलीत?" आईनं ट्रे आदळला. "बाई, त्याच खोलीत यायचं सुचलं तुम्हाला? पुन्हा येऊन पडायला तीच जागा मिळाली?"

माझ्या ओठांवर 'नाही' तयार होतं. जन्मभर तयार होतं. पण समोर बसलेल्या माणसाच्या पायांतल्या चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला दिसला, आणि 'नाही' जरा अडखळलं.

"चहा घ्या आधी," मी म्हणाले. "मग बघते."

मी वळणार तेवढ्यात आत्यानं मान तिरकी केली. "हे कोण बोलतंय?"

बादली तिच्या पायाशीच होती. मी नळाकडे बघितलं, पण नळ लांब होता. आत्यानं झाकण काढलं, एकेक अंडं कानाशी नेलं आणि परत ठेवलं. नेलं, ठेवलं. मग एक अंडं तिनं ठेवलं नाही.

"हे."

"ठेवा ते खाली," आई म्हणाली. "त्याची वेळ गेली."

"वेळ गेली हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही, वहिनी. ऐका तरी, केवढ्यांदा भांडतंय."

"उलटं आहे ते. निमुळत्या टोकाला चोच मारलीय. तसली जगत नाहीत."

तेही खरंच होतं. हवा असते ती अंड्याच्या रुंद टोकाला. पिल्लानं डोकं तिकडं करायचं, पहिला श्वास तिथं घ्यायचा आणि मग कवच फोडायचं. हे आत कुठंतरी वाट चुकलं होतं आणि जिथं हवाच नाही अशा टोकाला ठोकत बसलं होतं. जोंधळ्याएवढं भोक पाडलं होतं. भोकाभोवतीचा पापुद्रा सुकून तपकिरी झालेला.

"पंखी," आत्या म्हणाली, "कोमट पाणी आणतेस? आणि एखादं मऊ फडकं. जुनं असलं तर उत्तम."

पंखी. वडील गेल्यापासून त्या शब्दाच्या मागं 'ताई' लागलं होतं. नुसता शब्द पुन्हा कानावर आला, आणि मी का उठले ते न कळता उठले.

*

अंड्यातून पिल्लू सोडवायला एक हात धरायला लागतो आणि एक काम करायला. आत्याचा डावा हात कापत होता, म्हणून ती मला म्हणाली, "तू धर." मी उजवा हात पुढे केला.

"तो नको. तो घट्ट धरतो. दुसरा दे."

दुसरा हात मी कुणाला देत नसे. तिनं स्वतःच तो उचलला, मांडीवरच्या फडक्यावर ठेवला आणि मुठीत अंडं सरकवलं. माझी ती बोटं सताड उघडत नाहीत की पुरती मिटत नाहीत. जन्मापासून त्यांनी काहीतरी धरल्यासारखं केलं होतं आणि आत काही नसायचं. अंडं त्यांत असं बसलं, जसं घरट्यात बसावं. हलेना, दबेना. कवचामागून एक टोचणी आली, अगदी बारीक, तळहातात. त्या हातात मला गार-गरम उशिरानं कळतं. ही टोचणी लगेच कळली.

आत्यानं फडक्याचं टोक भिजवून पापुद्र्यावर टेकवलं, थांबली, पुन्हा टेकवलं. नखानं कवचाची एक कपची काढली, तांदळाच्या कणीएवढी. थांबली. आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणायला लागली. अशा कामात ती गुणगुणते हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तरी चाल ओळखीची वाटली.

कवचाच्या आत कोण गं बोलते
अंधाराची कडी कोण गं खोलते

हळू ये गं बाई, वाट तुझी ओली
उजेडाच्या गावी थंडी फार झाली

"गाण्यानं अंडी फुटत असती तर आम्ही मशीन कशाला घेतलं असतं?" आई ट्रे घेऊन जाताना म्हणाली.

"अंड्यासाठी नाही म्हणत, वहिनी. माझ्या हातासाठी म्हणते. गाणं चालू असलं की हात घाई करत नाही."

त्या सकाळी आईला मशीनच्या खोलीत जितकी कामं निघाली तितकी वर्षात निघाली नसतील. ट्रे धुतले, पुन्हा धुतले. आली की एक टोमणा, गेली की एक टोमणा. "एका अंड्यासाठी आख्खा दिवस." "डॉक्टरीणबाईंची ओपीडी चालू आहे." "त्याला पुढं काय शाळेत घालणार आहात?"

तिसऱ्या की चौथ्या कपचीखाली लाल रेघ दिसली. आत्यानं नख उचललं.

"बघ. ही शीर आहे. हिच्यात अजून रक्त वाहतंय. आता हात लावला तर बाहेर यायच्या आधीच रिकामं होईल ते. रक्त सगळं त्याच्या पोटात जाऊ दे, शीर सुकू दे, मग पुढचं."

"किती वेळ?"

"ते ठरवील तितका."

ओल्या फडक्यात गुंडाळून अंडं आम्ही दिव्याखालच्या खोक्यात ठेवलं. चहा झाला. आत्यानं प्रसूतिगृहातल्या गमती सांगितल्या: एका बाळंतिणीच्या नवऱ्याला भोवळ आली आणि पाणी त्यालाच मारावं लागलं. एका आजीबाईंनी जुळं झाल्यावर विचारलं की दुसरं कुणाचं. मला हसू आलं. आई दाराआड होती, तिथं भांडं वाजलं. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, बाकाच्या पायापर्यंत चढलं. आत्या अधूनमधून रस्त्याकडे बघत होती, बस जाते त्या बाजूला. घाई मात्र तिनं एकदाही केली नाही. माझ्या 'बघते'चं काय झालं, हे विचारलंही नाही.

मग पुन्हा पाणी, पुन्हा नख, पुन्हा ते गुणगुणणं. शीर आता धाग्यासारखी सुकली होती. पापुद्रा निघाला आणि आतून एक ओलं, मिटलेलं, चिडलेलं डोकं माझ्या बोटांवर येऊन पडलं. एक डोळा उघडला. त्यानं जगात पहिल्यांदा जे पाहिलं तो माझा वाकडा अंगठा.

"आलं!" मी म्हणाले. "आत्या, आलं! डोकं आलं. आता ओढू या ना?"

"नाही."

"आता काय राहिलंय? डोकं तर आलंय."

"पोटाशी अजून पिवळं आहे, ते आत जायचंय. आता ओढलं तर आतडी बाहेर येतील. इथून पुढं त्याचं त्यानं." आणि तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे वर करून.

मी त्या हातांकडे बघत राहिले. सुरकुतलेले, नखं बारीक कापलेली. डोकं आलेलं असताना स्वस्थ बसलेले हात. आईच्या गोष्टीतले हात असे नव्हते. गोष्टीतले हात उपटत होते. या दोहोंतल्या कुठल्या तरी हातांबद्दल मला खोटं कळलं असावं, असं वाटायला हवं होतं. पण मनात आलं ते वेगळंच. तीस-पस्तीस वर्षांचा साठा होता, त्याला निघायला भोक मिळालं.

"एवढा धीर आहे तुमच्याकडे?" मी म्हणाले.

आत्यानं वर पाहिलं.

"बदकाच्या पिल्लासाठी सकाळपासून बसून आहात. बादलीतल्या, फेकायच्या पिल्लासाठी. माझ्या वेळी कुठं गेला होता हा धीर? माझंही डोकं आलंच होतं ना? मग मला का ओढलंत?"

आई दारात होती. हातात फवाऱ्याची बाटली, तिचं तोंड बुजलं होतं आणि ती ते पिनेनं टोकरत होती.

आत्या माझ्याकडे बघत होती, मग तिनं आईकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. रांगेत फार वेळ उभं राहिलेलं माणूस खिडकीतल्या माणसाकडे बघतं, तसं ते बघणं होतं. खिडकी आता उघडेल, निदान पडदा तरी सरकेल. ती बघत राहिली.

"हे पुन्हा बुजलं," आई म्हणाली. कुणालाच नाही. बाटलीला.

"आत्या, मी तुम्हाला विचारतेय."

"कधी थांबायला वेळ असतो, पंखी. कधी नसतो."

"हे काही उत्तर नाही."

"नाही," आत्या म्हणाली. "उत्तर नाही हे."

"मग माझं ऐका. मागची खोली रिकामी नाही. ट्रे ठेवायला लागते."

बोलून झाल्यावर माझा आवाज मला ऐकू आला. रागाचा नव्हता. गार होता.

"बरं," आत्या म्हणाली.

माझ्या मुठीत त्याच वेळी जोराचा हिसका बसला. एक, मग आणखी एक. आणि अर्ध्या कवचातून पाय झाडत पिल्लू पुरतं बाहेर आलं. ओलं, पिवळट, एखाद्या चोळामोळा झालेल्या कागदासारखं. आम्ही तिघी त्याच्याकडे बघत होतो आणि आनंद कुणालाच करता येईना.

आत्या उठली होती, पुन्हा वाकली. पिल्लाचं पोट तिनं निरखलं, पिवळं आत गेलं होतं. पाय बोटानं हलवून पाहिले. "उजवा पाय फाकतोय. दोन्ही पायांना मिळून चिकटपट्टी लाव, मध्ये थोडं अंतर ठेवून. आवळू नकोस. चार दिवसांत सरळ चालेल." मग पिशवी उचलली, छत्री काखेत घेतली.

"येते, वहिनी."

परत न येणारी माणसंही 'येते'च म्हणतात. आईनं पिन फवाऱ्याच्या तोंडात घातली. 'या' म्हणाली नाही.

आत्या रस्त्याच्या कडेकडेनं गेली. उन्हात छत्री उघडायचीही तिला आठवण राहिली नाही.

*

संध्याकाळी पिल्लू सुकलं, फुललं, मऊ झालं. पायांना पट्टी लावून मी त्याला बुटांच्या खोक्यात, दिव्याखाली ठेवलं. ते उभं राही, पडे, स्वतःवरच चिडे आणि पुन्हा उभं राही. सकाळी त्याची जागा कुठं होती हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगणार तरी कोण.

मला हलकं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं जे म्हणायचं होतं ते तोंडावर म्हणून झालं होतं, त्याचं उत्तरही नव्हतं तिच्याकडे, आणि शिक्षाही मीच सुनावली होती. तरी तसं वाटत नव्हतं. म्हणून मी आईपाशी गेले.

ती ताटासमोर बसली होती. भाकरीचा तुकडा मोडलेला, पण तोंडात नाही.

"जेव ना. दिवसभर उभी आहेस."

"हं."

"मी बरोबर केलं ना, आई?"

"तुझं घर आहे."

"तसं नको बोलू. घर आपलं आहे." मी तिच्या शेजारी बसले आणि खांद्यावर डोकं टेकवलं. आम्ही असं करणाऱ्यातल्या नव्हतो, त्यामुळे ती दचकली. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं? सगळे म्हणत होते, वसतिगृहात ठेवा अशा मुलीला. तू ठेवलं नाहीस. एका हातानं बटण लावायला शिकवलंस, वेणी घालायला शिकवलंस. स्वतःचा हात पाठीमागं बांधून आधी स्वतः शिकलीस आणि मग मला शिकवलंस. मला आठवतंय ते."

"उठ," आई म्हणाली. "जेवू दे मला."

पण ती जेवत नव्हती. आणि मला थांबता येत नव्हतं. दिवसभरात मी फक्त कडू बोलले होते. आता मला कुणाशी तरी गोड बोलायचं होतं.

"तू तिला अडवलं असशील ना तेव्हा?" मी म्हणाले. "तेवढ्या कळांतही म्हणाली असशील, नको म्हणून. मला माहितीये. ऐकलं नसेल तिनं."

आईनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "नको म्हणाले होते मी."

"बघ. मला वाटलंच."

"ओढताना नाही. ओढताना मीच ओरडत होते, ओढा म्हणून. तुझा खांदा अडलेला, तू निळी पडत चाललेली, आणि मला वाटत होतं मी मरतेय. ती म्हणाली, ओढलं तर हात जाईल, वहिनी. मी म्हटलं, जाऊ दे, ओढा. तिनं ओढलं. तू आलीस."

माझं डोकं अजून तिच्या खांद्यावरच होतं. उचलायचं सुचलं नाही.

"मग 'नको' कधी म्हणालीस?"

"नंतर. तू रडली नाहीस. हलली नाहीस. हात असा लोंबत होता, दोरी तुटलेल्यासारखा. ती तुझ्या तोंडात फुंकर घालत होती, छातीवर बोटं दाबत होती, मोजत होती, पुन्हा फुंकत होती. आणि मी तो हात बघितला. मुलगी, आणि हा हात. मी तिची बाही धरली. म्हटलं, नको. राहू द्या, वन्सं. उठवू नका हिला."

दिव्याखाली खोक्यात काहीतरी धडपडलं. आम्ही दोघींनी तिकडं पाहिलं नाही.

"मी बाही सोडतच नव्हते. ती माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, वहिनी, बाही सोडा आणि तोंड तिकडं फिरवा. हे मी कुणाला सांगणार नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही." आईनं ताट बाजूला सारलं. "तू रडलीस तेव्हा मी भिंतीकडं बघत होते."